हर्षितला कोण उठवणार

सिंदी रेल्वेच्या अलीकडे, केळझरच्या रस्त्याला लागून जी भाजीपाल्याची वावरं आहेत, त्यांतलं विहिरीजवळचं वावर श्रावणचं. म्हणजे कागदावर श्रावणचं, राबणं सगळं त्याच्या बायकोचं, शालूचं. हे श्रावणही चारचौघांत मान्य करतो, कारण मान्य केलं की त्याच्या वाट्याला काम कमी येतं.

शालूचं नाव गावात दोन गोष्टींवरून निघायचं. पहिली तिचा सांबार. कोथिंबिरीला या भागात सांबार म्हणतात, आणि शालूच्या सांबाराची जुडी सिंदीच्या बाजारात लोक नाव घेऊन मागायचे. दुसरी गोष्ट म्हणजे तिचा मुलगा हर्षित. पोरगा हुशार होता, यात वाद नाही. शिक्षकांनी एकदा सांगितलेलं त्याच्या डोक्यात बसायचं. शालूची स्वतःची शाळा आठवीत सुटली होती, कारण लग्न लवकर झालं. त्यामुळे पोरगा पहिलीत गेला तेव्हाच तिनं मनाशी ठरवून टाकलं की याच्या अभ्यासाच्या आड जगातली कोणतीही गोष्ट येऊ द्यायची नाही.

आणि खरोखरच तिनं काहीही येऊ दिलं नाही. दप्तर ती भरायची. पेन्सिलीला टोक ती काढायची. कोणत्या दिवशी चित्रकलेची वही लागते आणि कोणत्या दिवशी पांढरे बूट, हे पोराला माहीत नसायचं, तिला असायचं. "हर्षित, आता गणित काढ," असं ती चुलीपुढून म्हणायची आणि हर्षित गणित काढायचा. "आता मिटव, झोप," म्हणाली की मिटवायचा. दहावीच्या वर्षी तर कहर झाला. पुस्तकाला तेलाचे डाग पडू नयेत म्हणून हा वाचत बसायचा आणि शालू पोळी-भाजीचे घास त्याच्या तोंडात घालायची. गल्लीतल्या बायका लेकरांना ते दाखवायला आणायच्या. शेजारचे मधुकरराव तेवढे एकदा कुंपणावरून म्हणाले, "शालू, या पोट्ट्याले तुनं फक्त श्वास घ्यायचं काम ठेवलं बाप्पा." शालू हसली. तिला ते कौतुकच वाटलं.

हर्षितहून सहा वर्षांनी लहान आचल. तिचं बालपण कसं गेलं ते घरात कोणालाच नीट सांगता येणार नाही, कारण कोणी पाहत नव्हतं. ती ताटात पडेल ते खायची. भावाचं दप्तर आई कसं भरते ते बघून स्वतःचं भरायची. वेणी घालायला आई मोकळी नसायची म्हणून आरशासमोर उभी राहून, हात दुखेपर्यंत, ती स्वतःची वेणी घालायला शिकली. "मोठी गुणाची पोरगी आहे," असं कोणी म्हटलं की शालू मान हलवायची, आणि बोलणं पुन्हा हर्षितवर यायचं.

दहावीला हर्षितला चांगले टक्के पडले. नागपूरला डिप्लोमाला नंबर लागला, आणि सेलूकडच्या रोशन नावाच्या मुलासोबत त्यानं खोली केली. शालूनं त्याचं सामान बांधलं, खोलीवर जाऊन लावून दिलं आणि घरी येऊन दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिनं त्याला फोन लावला आणि उठवलं. तो फोन मग रोजचा झाला. कॉलेजच्या वेळापत्रकाचा फोटो तिनं मोबाइलमध्ये मागवून घेतला होता. इंग्रजी अक्षरं लावत लावत तिनं तो पाठ केला. "हर्षित, उठ. आज मंगळवार. आज वर्कशॉप हाय, निळा शर्ट घालजो. जर्नल घेतलं का? पलंगाखाली पाह्य." त्या विषयांत काय शिकवतात ते तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण कोणता कधी असतो ते कॉलेजच्या शिपायापेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पोरगा डोळे मिटून "हाव" म्हणायचा आणि उठायचा. पहिल्या वर्षी तो पास झाला. मोबाइल निघाला म्हणून मायलेकरं जवळ राहिली, असं शालू सगळ्यांना सांगत सुटली.

दुसऱ्या वर्षी एका बाजाराच्या दिवशी गडबड झाली. सिंदीच्या बाजारात शालू मेथी धूत होती. ओणवी झाली तेव्हा कमरेला खोचलेला मोबाइल पाण्याच्या घमेल्यात पडला, आणि मेथीखाली गेलेला तिला लवकर सापडलाच नाही. सापडला तेव्हा तो बंद होता. त्या दिवशी हर्षितची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, आणि त्याला उठवायचा फोन अजून व्हायचा होता. शेजारी वांगी विकणाऱ्या सुलोचनाबाईंनी आपला फोन पुढं केला. शालूनं तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. पोराचं अख्खं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं, पण पोराचा नंबर पाठ नव्हता. श्रावणचाही नव्हता. रडकुंडीला येऊन तिनं भाजीचे कॅरेट तसेच टाकले आणि मिळेल त्या ऑटोनं घर गाठलं. श्रावणच्या फोनवरून हर्षितला लावला तेव्हा दुपार झाली होती.

"झाली का परीक्षा?"

"झाली."

"चांगली गेली?"

"हाव."

हर्षित आईशी पहिल्यांदा खोटं बोलला. तो उठलाच नव्हता. आणि उठल्यावर पुढं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. सरांना जाऊन भेटायचं, चूक झाली म्हणायचं, दुसऱ्या दिवशी घ्याल का म्हणून विचारायचं, यातलं काहीही त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. असं काही झालं की आई शाळेत जाऊन सांगायची. आता आईला सांगायची लाज वाटली, म्हणून तो झोपून राहिला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलं तर सर विचारतील, म्हणून तेव्हाही झोपून राहिला. शालूचा मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवून सुरू झाला आणि तिचे पहाटेचे फोनही सुरू झाले. आज गुरुवार, आज अमुक, आज तमुक. तो "हाव" म्हणायचा आणि कूस बदलायचा. जिथं पोरगा जातच नव्हता त्या तासांची यादी ही बाई रोज धुऱ्यावर उभी राहून म्हणत होती. कितीतरी आठवडे हे चाललं. शेवटी रोशनलाच राहवलं नाही. त्यानं फोन केला, "काकू, रागावू नका. हर्षित कॉलेजले जाऊनच नाई राह्यला. तुम्ही या एकदा."

शालू नागपूरला गेली. खोलीत कोपऱ्यात कपड्यांचा ढीग होता. हर्षित पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढली होती.

"काऊन रे असं केलं?" ती म्हणाली. "मले सांगायचं नाई?"

"सरले काय म्हणायचं ते समजलं नाई," हर्षित म्हणाला. "मंग उशीर झाला. मंग अजून उशीर झाला."

तिनं पदर खोचला, ढीग उचलला आणि नळाखाली धुवायला बसली. दारात उभा असलेला रोशन हळूच म्हणाला, "काकू, राहू द्या. त्याले धुवू द्या." शालू त्याच्यावर खेकसली. मग धुतलेले कपडे ओलेच पिशवीत भरून ती पोराला घेऊन घरी आली.

गावात बभ्रा व्हायचा तो झाला. जे लोक घास भरवताना बघायला यायचे तेच आता माना हलवू लागले. हर्षित दिवसभर खाटेवर पडून मोबाइल बघायचा. राहिलेले पेपर हिवाळ्यात पुन्हा देता येणार होते. ते दिले नाहीत तर शिक्षण तिथंच संपणार, हे शालूला पक्कं ठाऊक होतं. तिचा जीव त्या पेपरांवर टांगला होता. पण अभ्यासाचा विषय काढला की पोरगा चादर डोक्यावर घ्यायचा.

आचल सातवीत होती. तिच्या वर्गशिक्षिका दिपाली मॅडम मुलींच्या घरी फेरी मारायच्या, तशा एकदा याही घरी आल्या. शालूनं त्यांना आचलबद्दल काहीच विचारलं नाही. हर्षितचं सगळं सांगितलं आणि रडली.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, त्याला अभ्यास येतो. अभ्यासाला बसायचं कधी, आधी काय घ्यायचं, राहिलं तर काय करायचं, हे त्याचं त्याला येत नाही. ते त्यानं कधी ठरवलंच नाही ना. आता तुम्ही काही सांगू नका. आज काय ठरवलंस, एवढंच विचारा. उठायचं त्याचं त्यानं, बॅग त्याची त्यानं."

"आणि नाई उठला त?"

"चुकू द्या. लहानपणी दप्तरात वही विसरली असती, तर एक दिवस ओरडा खाऊन शिकला असता. आता जड जाईल. पण दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही."

मधुकरराव तिथंच बसले होते. त्यांना बोलल्याशिवाय चैन पडेना. "अवं शालू, वांग्याचं रोप लावायच्या आंधी ते कणखर व्हावं म्हणून तू पाणी तोडत नाई का? तसंच समज."

"रोप मेलं त दुसरं लावता येते, मामाजी," शालू फणकारली.

जाताना मॅडमनी सहज विचारलं, "आचलचा अभ्यास कोण घेतं?"

"तिचा कोणी नाई घेत. तिच्यापायी डोकं लावावंच लागत नाई," शालू म्हणाली. उंबऱ्यावर बसून लसूण सोलणाऱ्या आचलनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शालूनं जिभेला गाठ मारली. हे सोपं नव्हतं. दिवस डोक्यावर आला तरी पोरगा झोपलेला, आणि आपण त्याच्या खाटेजवळून झाडू मारत जायचं. त्याची पुस्तकं फळीवर धूळ खातात, आणि आपण हात लावायचा नाही. तोंडाशी आलेला शब्द गिळायचा आणि वावराची वाट धरायची. श्रावणला वाटलं, ही पोरावर रागावली आहे. पहिले काही दिवस हर्षितनं जेवणंसुद्धा चुकवली. मग एके दिवशी शालू वावरातून परतली तर तो अंघोळ करून पुस्तक उघडून बसलेला. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही दिवशी. "आज काय ठरवलं?" असं तिनं भीत भीत विचारलं की "दोन धडे," असं उत्तर यायचं. शालूला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. केळझरच्या गणपतीला जाऊन तिनं नारळ फोडला. मॅडमचे पाय धरायचेच तेवढे तिनं बाकी ठेवले होते.

पेपरांचा पहिला दिवस आला. नागपूरची सकाळची रेल्वेगाडी सिंदीहून पकडायची होती. आदल्या संध्याकाळी आचल म्हणाली, "आई, उद्या सेलूले आमचं विज्ञान प्रदर्शन हाय. शाळेतून सकाळीच गाडी निघते."

"हाव, जाजो," शालू म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरीच गाडी चालू होती.

सकाळी तोंडातून शब्द जाईल या धास्तीनं ती दिवस उजाडायच्या आधीच वावरात निघून गेली. हर्षित झोपलेला होता. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वावरात तिचा हात चालेना. कापायचा सांबार तिनं मुळासकट उपटला, उपटायची मेथी कापली. दूर रुळांवरून गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा तिनं विळा वाफ्यातच टाकला. आता जे व्हायचं ते झालं होतं.

घरी आली तर खाट रिकामी. चादर घडी करून ठेवलेली. पुस्तकं नाहीत, बॅग नाही, पाण्याची बाटली नाही. पोरगा गेला होता. आपला आपण उठून गेला होता. शालू दाराच्या चौकटीला धरून रडली, आणि इतकं बरं तिला पोरगा दहावी पास झाला तेव्हाही वाटलं नव्हतं. हर्षितनं जन्मात कधी चादरीची घडी घातली नव्हती, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण आनंदात कोण चादर बघतं!

तेवढ्यात मोबाइल वाजला. दिपाली मॅडम होत्या.

"ताई, आचल कुठं आहे? आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलोय. आता गाडी काढावीच लागेल."

"शाळेतच असंन नं मॅडम. सांगून गेली होती."

"नाही आली. आज तिचाच प्रयोग महत्त्वाचा आहे हो. माठाचा."

"कोणता माठ?"

"तुम्हाला नाही सांगितलं तिनं? मोठ्या माठात लहान माठ, आणि मधे ओली रेती. आत ठेवलेला सांबार चार दिवस टवटवीत राहतो. बाजारातून तुमच्या जुड्या सुकून परत येतात, म्हणून तिला सुचलं. महिनाभर खपली ती त्यावर. ताई, ऐकताय ना?"

शालू ऐकत होती. दिवाळीनंतर घरातला एक माठ दिसेनासा झाला, तेव्हा तिनं आचलला फोडलास म्हणून बोल लावला होता. पोरीनं उलटून काही सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून ती रस्त्यावर धावली. सिंदीकडून आचल चालत येत होती. अंगावर शाळेचा गणवेश, दोन वेण्या, रिबिनी नीट बांधलेल्या. ऑटो मिळाला नव्हता, चालून चालून तोंड लाल झालं होतं.

"कुठं गेलती? शाळेची गाडी गेली तुही!"

"दादाले गाडीत बसवायले गेलती." आचल धापा टाकत होती. "ऑटोपर्यंतच जाणार होती मी. पण तो रडून राह्यला होता आई. म्हणे तू ठेसनावर चाल, मले भेव वाटते. मंग गेली. त्याचं हॉल तिकीट मी वरच्या कप्प्यात ठेवलं. त्याले सांगितलं हाय दोनदा."

"उठवलं कोणं त्याले?"

"मी."

"आजच का रोज?"

आचल खाली बघू लागली. "तू वावरात गेली का मी उठवतो. आज कोणतं पुस्तक घ्यायचं ते काढून ठेवतो. मंग शाळेत जातो. तू बोलत नव्हती नं त्याच्याशी. मले वाटलं, आता कोणी नाई सांगितलं त दादा पुन्हा तसाच होईन." मग घाईघाईनं म्हणाली, "माझ्या प्रयोगाचं रेखा सांगणार हाय. तिले येते सारं. मी शिकवलं तिले."

शालूनं तिला घरी आणलं, पाणी दिलं. गणवेश बदलून आचल दुपारच्या भाजीला बसली. शालू तिच्याशेजारी भाजी निवडायला बसली. बारा वर्षांत या पोरीशी हर्षित सोडून आपण काय काय बोललो, ते ती आठवत राहिली, आणि आठवायला फारसं काही निघालं नाही.

संध्याकाळी हर्षित परत आला. पेपर बरा गेला म्हणाला. शालूनं त्याला अंगणात एकट्याला गाठलं.

"त्या लेकराले काऊन उठवायले लावतं रे? तिचं प्रदर्शन बुडालं आज."

हर्षितचा चेहरा पडला. त्याला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मी कुठं लावलं? तीच येते उठवायले." आणि मग खाली मान घालून, अगदी साध्या आवाजात, "तुलेबी मी कधी म्हटलं नव्हतं, आई."

त्यात उर्मटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शालू त्याला ना रागावू शकली, ना जवळ घेऊ शकली. पोराचं भलं करायला तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि त्या रानात एक पोरगा हरवला होता. दुसऱ्या लेकराकडं तर ती अजून वळलीही नव्हती. हर्षितच्या बाबतीत तिनं केली तीच चूक आता ती पोरगी करत होती, आणि ती शिकली कोणाचं बघून, हे काही शालूला कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

आत आचल दिव्याखाली भूगोल वाचत बसली होती. शालू तिच्याजवळ जाऊन बसली. तिनं दप्तराकडं हात नेला. ते भरून, चेन लावून भिंतीशी ठेवलेलं होतं.

"आचल, तुले काही पायजे का माय?" तिनं विचारलं.

आचलनं आईकडं बघितलं. असं कोणी तिला विचारत नसे, त्यामुळं तिनं नीट विचार केला.

"परवा दादाचा गणिताचा पेपर हाय," ती म्हणाली. "परवा मले उठवशील का?"

"तुले? तू त आपली आपण उठतं."

"आज रातभर मी झोपलीच नाई. जाग नाई आली त दादाची गाडी जाईन म्हणून. तू मले उठव, मंग मी त्याले उठवतो. तुले त त्याले उठवायचं नाई नं."

शालूनं पोरीला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि घट्ट धरलं. आचलला याची सवय नव्हती. ती अवघडून तशीच बसून राहिली, वाचत होती त्या ओळीवर बोट ठेवून, आई सोडेल तेव्हा पुढचं वाचायला.